मालू बोलत न्हाई

चऱ्होली
२१ जानेवारी २०२५

आन् वर तुमची दिपाली मलाच म्हणते, "आत्या, त्याला रागावू नका, त्याच्या मनाला लागतं." त्याच्या मनाला लागतं, आन् माझ्या मनगटाचा चावा घेतला तो कुणाला लागला? दातांचे वळ अजून हायेत. विहीणबाई, लेकीला हे तुमीच शिकवलंय. वाकडच्या टॉवरात मॅडमचं पोर सांभाळता सांभाळता तुमीच मॅडम झालाय.

फोन करावा तर तुमाला ऐकू कमी येतं. मी ओरडते, तुमी "काय? काय?" करता, आन् गल्ली गोळा होते. म्हणून लिहिते. मी चौथी शिकलेय, अक्षर लावून वाचा. आमचे हे कंपनीची बस घेऊन वाकडला येतात, त्यांच्याकडं देते. उत्तरबी त्यांच्याच हातात द्या.

रविवारी मालूचं बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने घातले तर ओरबाडून टाकले. डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतले, गल्लीतली पोरं वेचाया धावली, आन् आपल्या मालूनं जमिनीवर डोकं आपटाया सुरू केलं. चार बायका बसलेल्या. आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मंजुळे, अडीच वर्साचा झाला न्हवं गं? आमचा ह्या वयात आरती म्हणत हुता." दुसरी म्हणाली, "मोबाइल देत आसतील हातात." तिसरी म्हणाली, "एकुलतं एक. लाडानं वाया गेलं." आन् एकीनं तर तोंडावर पदर धरून विचारलं, "मुकं हाय का?"

मला सांगा, मी काय करायचं होतं? मी पाठीत एक चापट मारली. एकच. दिपालीनं पोर उचललं आन् जिन्यात जाऊन बसली. हळदी-कुंकवाला आलेल्या बायका तिला ओलांडून खाली गेल्या. इज्जत गेली ती गेलीच.

दिवाळीत हे पोरगं "आजी" म्हणत होतं. "भू" म्हणायचं, "गाई" म्हणायचं. नवनाथ शेडवरनं आला की "बाबा आला" म्हणून त्याच्या पायाला मिठी मारायचं, मंग बाप-लेक तसेच जमिनीवर लोळायचे. आता तोंड उघडतं ते ओरडाया, न्हाईतर भिंतीचा पोपडा खाया. भाकरी नको, भात नको, भिंत पाहिजे. दिपाली म्हणते, ओरडू नका, त्याच्याशी बोला. बोलते की! तो ऐकतोय कुटं?

आज ती बॅग भरून तुमच्याकडं निघालीय. आठ दिवस ठेवा आन् पाठवून द्या. लेकीला समजवा, पोराला वळण लागतं ते धाकानं.

एक लिहिते, ते तिला सांगू नका. कधी कधी मालू माझ्याकडं बघतो आन् मला वाटतं, तो मला ओळखतच न्हाई. तवा मला राग येतो का भ्या वाटतं, माझं मलाच कळत न्हाई.

मंजुळा


वाकड
२५ जानेवारी

मंजुळाताईंना नमस्कार,

ज्योतीरामभाऊंनी पत्र दिलं. वाचून आधी राग आला. मग शेवटच्या ओळी वाचल्या आणि राग गिळला.

दिपाली आणि मालू सुखरूप पोचले. मॅडमचं बाळ सांभाळते हे खरं. मॅडम झाले नाही, अजून त्यांच्याच घरची भांडी पण घासते. पण त्या घरी एक बघितलं. बाळ आदळआपट करायला लागलं की त्या त्याच्याजवळ खाली बसतात, गप्प बसतात, आणि ते थकलं की पोटाशी घेतात. आपण आपल्या लेकरांना असं कधी केलं नाही. आपल्याला वेळ कुठं होता?

माझ्या मनात आहे ते स्पष्ट लिहिते. मालू धाकानं गप्प झालाय. आल्यागेल्यानं काहीतरी बोलायचं, तुम्ही मारायचं, जावईबापू दमून आले की त्यांचाही आवाज चढतो. घाबरलेलं पोर बोलत नाही. इथं त्याला कोणी हात लावत नाही. बघा तुम्ही, थोड्या दिवसांत बोलायला लागेल.

तुम्ही शिवलेली गोधडी मात्र सोडत नाही. दिवसभर बगलेत, झोपताना तिचं टोक तोंडात. चोखून चोखून ओलं करतो. काढून घेतली की आकाशपाताळ एक. म्हणून राहू दिली. आजीची माया आहे ती, असू दे. पोट साफ होत नाही, एरंडेल दिलं आहे.

काल जावईबापू कामावरून परस्पर इकडे आले. कंपनीच्या ड्रेसवरच होते. मालू त्यांच्या अंगावर चढून बसला, खाली उतरेना. बघून मला बरं वाटलं.

आठ दिवसांत पाठवणार नाही. राग मानू नका.

रुक्मिणी


चऱ्होली
४ फेब्रुवारी

विहीणबाई,

बोलला का मालू? तुमच्या घरी कुणी मारत न्हाई, कुणी ओरडत न्हाई, मंग का न्हाई बोलला? ह्यांनी मला सांगितलं, काल चिठ्ठी न्याया जिन्याशी आले तर मालूचं ओरडणं खाली रस्त्यापतोर येत होतं. आन् तुमच्या हाताला फडकं बांधलेलं. तुमालाबी चावला न्हवं? लिहिलं न्हाई ते. माझ्या चापटीचं तेवढं लिहिलं.

पण आज भांडाया लिहीत न्हाई.

आमच्या शेजारी नजमा राहते, तुमी बोरन्हाणाच्या फोटोत बघितली आसंल, हिरव्या ओढणीतली. तिचा नवरा मीरासाहेब आन् आपला नवनाथ एकाच शेडला हायेत, चाकणच्या पलीकडं. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडायच्या आन् आतलं शिसं भट्टीत वितळवायचं. तिचा झिशान मालूहून थोरला, चार वर्साचा. शनिवारी दुपारी मी तिच्याकडं मिरच्या निवडत बसले होते. पोरगं खेळता खेळता आडवं झालं. डोळे पांढरे, दातखीळ, हातपाय ताठ. मी कांदा फोडून नाकाला लावला. नजमा नुसती "झिशान, झिशान" करत होती. कांद्यानं काय होत न्हाई, मी तुमाला सांगते. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तवर ते माझ्या मांडीवर निळं पडलं होतं.

दवाखान्यात रक्त काढलं. काल नजमा कपडे न्याया आली होती. म्हणाली, "मावशी, डॉक्टर बोलले, पोराच्या खून में शिसं हाय." मी म्हटलं, "शिसं? त्यानं काय बॅटरी खाल्ली का?" ती म्हणाली, "खात न्हवता काय, माती खायचा, दीवार खायचा. पोट दुखायचं. बोलायचा ते बंद झाला. आमी समजलो, जिद्दी हाय." मंग तिनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुमच्या मालूचंबी असंच हाय ना?"

मी म्हटलं, "न्हाई गं. आमचं लाडानं झालंय."

आन् घरी येऊन दार लावून बसले. चहाबी केला न्हाई.

तुमच्या मॅडम शिकलेल्या हायेत, त्यांना विचारा. बापाच्या कामावरचं शिसं पोराच्या रक्तात जातं का? मीरासाहेब तर पोराला कधी शेडवर नेत न्हाई. दिपालीला इतक्यात सांगू नका, घाबरंल. पण विचारा. आज विचारा.

मंजुळा


वाकड
१५ फेब्रुवारी

मंजुळाताई,

उशीर झाला. तुमचं पत्र वाचून मी तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी पूर्ण वाचून घेतलं आणि म्हणाल्या, मावशी, आजच रक्त तपासा. मग दिपालीला सांगावंच लागलं.

मालूच्या रक्तात शिसं आहे. लहान पोराच्या रक्तात ते अजिबात नको असतं, आणि त्याच्या फार आहे. आकडा लिहीत नाही. 

डॉक्टरीणबाईंनी दिपालीला विचारलं, बाप कुठं कामाला? त्याच कपड्यात घरी येतो? पोराला जवळ घेतो? दिपाली हो हो म्हणत होती. मग विचारलं, पोर तोंडात काय काय घालतं? तेव्हा मालू तिच्या मांडीवर बसून गोधडीचं टोक चावत होता. बाईंनी विचारलं, ही गोधडी कुणाची? दिपाली म्हणाली, सासूबाईंनी शिवलीय, ह्यांच्या कामावरच्या जुन्या पँटींची.

बाई उठल्या. मग नर्सला हातमोजे घालून ती काढून घ्यायला सांगितली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. मालूनं दवाखाना डोक्यावर घेतला.

ताई, लिहू नये ते लिहिते. ज्या वागण्यासाठी तुम्ही त्याला मारलं, ते दुखणं त्याच्या अंगावर तुम्हीच पांघरलं होतं. आणि मी इथं आजीची माया, आजीची माया म्हणत त्याच्या तोंडात राहू दिली, वर एरंडेल पाजलं. जावईबापू ड्रेसवर आले, तेव्हा अंगावर चढू दिलं. मी त्याला मारलं नाही, एवढंच. बाकी मी काय वेगळं केलं?

उद्यापासून दवाखान्यात ठेवणार आहेत. औषधानं शिसं उतरेल म्हणतात. गेलेले शब्द परत येतील का, ते मी दोनदा विचारलं. मला वाटलं मला ऐकू आलं नाही. तर त्या काही बोलल्याच नव्हत्या.

दिपाली तुमचं नाव काढू देत नाही.

रुक्मिणी


चऱ्होली
१८ फेब्रुवारी

विहीणबाई,

व्हय, मी शिवली. आमच्या घराण्यात पोराची पहिली गोधडी बापाच्या अंगातल्या कापडाची करत्यात, आन् तीबी न धुता. पोराला झोपेत बापाचा वास यावा म्हणून. माझ्या सासूनं नवनाथाला तशीच शिवली होती, ह्यांच्या धोतराची. धोतराला शेताची माती लागलेली. मला काय ठाऊक, ह्या पँटींना काय लागलंय? कापड जाड, वापरून मऊ पडलेलं. काळी धूळ होती, ती झटकली. घरातच झटकली. पाळण्यापाशी बसून टाके घातले, दातानं दोरा तोडला. दिपालीचे दिवस भरत आले होते, ती म्हणाली, "आत्या, किती छान झालीय." आता माझं नाव काढू देत न्हाई. नको काढू. पण मी वैरीण न्हाई हो.

आन् शेडवाल्याला कुणी का इचारत न्हाई? त्याला ठाऊक होतं. नवनाथला मी खोदून खोदून विचारलं. म्हणाला, मालक कधी आत पाऊल टाकत न्हाई, गाडीच्या काचा वर करून बाहेरनं बोलतो. आत हात धुवाया धड नळ न्हाई, डबा तिथंच उघडतात. ड्रेस बदलाया जागा न्हाई. मंग ती धूळ घरी न आणून पोरं करतील काय?

मी घर पुसून काढलं. झाडलं न्हाई, नजमाला दवाखान्यात सांगितलंय, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. भिंती पुसल्या, गादी बाहेर काढली. नवनाथचे ड्रेस काठीनं उचलले. पोटच्या पोराचे कपडे, मेलेलं जनावर उचलावं तसे.

नवनाथला म्हटलं, काम सोड. तो ओरडला, "सोडून काय करू, तू पोसणार?" ओरडता ओरडता त्याच्या हातातला चहाचा कप सांडला. विहीणबाई, त्यानं सांडला न्हाई, त्याच्या हातानं धरलाच न्हाई. हात मनगटात खाली पडतो त्याचा. कधीपासनं पडतो ते त्यानं मला सांगितलं न्हाई.

झिशानला घरी आणलंय. मी बघाया गेले. पोरगं बसतं. घास भरवला तर खातं. नजमा हाक मारते, तर बघत न्हाई. ती परत मारते. दिवसभर मारते. मधल्या भिंतीतनं मला ऐकू येतं. मी घागर वाजवते, भांडी वाजवते, तरी ऐकू येतं.

मालूला हाक मारून बघा. बघतो का, ते कळवा. दुसरं काही लिहू नका, तेवढंच लिहा.

मंजुळा


वाकड
२ मार्च

मंजुळाताई,

बघतो.

काल घरी आणलं. खूप वाळलाय, पण दूध पितो, भात खातो. सकाळी मी मागून "मालू" म्हटलं आणि मान वळवली. दिपाली तिथंच खाली बसून रडायला लागली, तर तो तिच्या तोंडात बोट घालून बघत होता. शब्द अजून नाही. रक्त पुन्हा तपासायचं आहे. बाईंनी बजावलंय, परत त्या धुळीत गेला तर केलेलं सगळं पाण्यात, आणि दुसऱ्या वेळी मेंदूला सोसणार नाही.

पण आता ती काळजी राहिली नाही. जावईबापूंनी शेड सोडली हे ऐकून जीव भांड्यात पडला. परवा अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आले. दुसऱ्या कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागलो म्हणाले. किती शहाण्यासारखे बोलले. सोळा तारखेला, रविवारी, दोघांना घरी न्यायला येणार आहेत. दिपाली म्हणते, आत्यांनी भिंती पुसल्या का विचार. म्हणजे तुमचं नाव काढलं तिनं.

हातांचं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून मी बघत होते. त्यांनी पूर्ण वेळ हात खिशात ठेवले होते.

रुक्मिणी


चऱ्होली
११ मार्च

विहीणबाई,

त्यानं शेड सोडलेली न्हाई.

तुमचं पत्र आलं तवा मी नाचायची बाकी राहिले होते. भिंतीचे पोपडे खरवडले, वरनं रंग मारून घेतला, नवं दूधपातेलं आणलं. घरीबी तो रोज पांढऱ्या शर्टात यायचा, म्हणून मलाबी खरं वाटलं. मंग शनिवारी हे चाकणची फेरी करून आले आन् जेवताना गप बसले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "शेडच्या बाहेर नवनाथची गाडी उभी हाय. आठवडाभर बघतोय." आठवडाभर बघत होते आन् आठवडाभर गिळत होते. बाप हायेत न्हवं.

मी काल स्वतः गेले. टमटममधनं उतरून चालत. वास लांबनंच येतो, घशाला चिकटतो. तोंडाला रुमाल बांधून पोरं खाली बसलेली, कुऱ्हाडीनं बॅटऱ्या फोडत्यात. नवनाथ त्यांच्यात. मला बघून उठला, पण कुऱ्हाड खाली ठेवली न्हाई.

"आई, तू हितं कशाला?"

"तुझं पॅकिंग बघाया आले."

बाकीची पोरं हसली. तो मला बाहेर घेऊन आला. म्हणाला, दुसरीकडं गेलो होतो, दोन ठिकाणी हाताची पकड बघितली आन् नको म्हणाले. "हे हात हितंच चालत्यात आता, आई." पांढरा शर्ट त्यानं पेट्रोल पंपावर ठेवलाय, तिथं तोंड धुतो, बदलतो आन् घरी येतो. म्हणाला, "मालू बरा झालाय की. मी रोज धुऊनच येईन. सासुरवाडीला बायको-पोर ठेवून लोकांची बोलणी किती ऐकू?" मी म्हटलं, "तुझ्या केसातली धूळ पंपावर राहते का?" त्यानं केसांवरनं हात फिरवला आन् हाताकडं बघत बसला.

मंग माझ्या पाया पडला. "दिपालीला सांगू नको. ती मंग कधीच यायची न्हाई." भर रस्त्यात, ट्रक जात होते. मी व्हय म्हटलं. पोटचा हाय, विहीणबाई, तिथं न्हाई कसं म्हणू? व्हय म्हणून टमटममधी बसले आन् आज लिहाया बसले.

मी दिपालीला सांगू शकत न्हाई. माझ्या तोंडनं ऐकलं तर तिला वाटंल, म्हातारी नवरा-बायकोत काडी घालते. नवनाथला मी थांबवू शकत न्हाई. तो त्याच्या पोराला त्याच्या घरी आणणार, आन् घरात थोरली मी असले तरी भाडं तोच भरतो, माझं तिथं चालत न्हाई. म्हणून तुमाला लिहिते.

रविवारी तो येईल. चांगला भांग पाडून, पेढे घेऊन येईल. जावयाला दारातनं माघारी लावायचं न्हाई, ही रीत मला शिकवू नका, मीबी त्याच रितीत म्हातारी झाले. तुमी पाट मांडाल, पुरणपोळी वाढाल, तो चार शब्द गोड बोलंल आन् तुमी मालूला त्याच्या कडेवर द्याल. देऊ नका. दारातच उभा करा. ओरडला तर ओरडू द्या, तुमाला तसंबी कमी ऐकू येतं. रडला तर मात्र तिकडं बघू नका. लहानपणापासनं त्याच्या रडण्यापुढं माझंबी चाललं न्हाई.

आधी दिपालीला तुमच्या तोंडनं सांगा, हे पत्र दाखवा. मंग त्याला सांगा, शेड सोडल्याबिगर आन् स्वतःचं रक्त तपासल्याबिगर ह्या दारात यायचं न्हाई. माझं नाव घ्या. "तुझ्या आईनं सांगितलंय" म्हणा. तो मला कधी माफ करणार न्हाई. चालंल. भिंतीपलीकडं नजमा अजून हाका मारतेय. तसल्या हाका मला माराया लावू नका.

गुरुवारी होळी हाय, त्या दिवशी बस सुरू हाय. शुक्रवारी धुळवडीला बंद, ह्या शनिवारीबी ह्यांना जोडून सुट्टी. म्हणून गुरुवारीच मला उत्तर पाहिजे. मालू राहतोय का जातोय, तेवढंच लिहा. हे तुमच्या जिन्याखाली बस लावून थांबतील. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी हलू नका, असं मी त्यांना सांगितलंय.

मंजुळा